मुडद्याचे कान

साडेनवाला पहिला एपिसोड.
नवालाच दुकानात जागा उरली नाही.
दोघं दाढीच्या खुर्च्यांत, तिघं बाकावर,
बाकीचे उंबऱ्याशी, आपापल्या चपलांवर बसलेले.
मी कैच्या डेटॉलच्या पाण्यात सोडल्या
आणि आरशावर टॉवेल टाकला.
आरशात टीव्ही उलटा दिसतो,
कोण कुठून येतो यावरून भांडणं होतात.

मागल्या सीझनला त्यांनी दारापाशी आणून सोडलं होतं.
गोदामाचं लोखंडी दार. आतून तीन ठोके.
बाहेर डॉक्टरीणबाई, बंदुकीत एकच गोळी.
संपलं. आता थांबा वर्षभर.

वर्षभर चिचटोल्यात त्या दारावर पैजा लागल्या,
रोवणीच्या बांधीत, राईस मिलच्या रांगेत.
आत तिचा पोरगा आहे म्हणणारे अकरा,
मुडदा आहे म्हणणारे सव्वीस.
माणशी दहा रुपये. हिशेब माझ्याकडे,
उधारीच्या वहीत, शेवटच्या पानावर.
सव्विसातलं चौथं नाव दुधराम गेडाम. जमा.

तीस वर्षं त्यानं झाडीपट्टीच्या नाटकांत तोंडं रंगवली.
दिवाळी झाली की पेटी घेऊन वडशाला,
होळीला परत, नखांत काजळ.
राजा, इन्स्पेक्टर, खलनायकाची बायको,
आणि दर नाटकात तिसऱ्या अंकाला मरणारा बाप.
रक्त तो गुळाच्या पाकाचं करायचा,
पहाटेपर्यंत मेलेल्या बापाला मुंग्या लागायच्या.

टीव्हीतल्या मुडद्यांना तो हसायचा.
"डोरे बराबर. दात बराबर. पन कान पाह्य त्याचे!
कान जित्ते हायेत बे.
मानूस मेला का पयले कान पांढरे होतेत.
एवढा पैसा लावला, अन् सांगाले कोनी नाही का ह्यायले?"
मग आम्हीही कानच बघायला लागलो.
शेकडो मुडदे भिंत चढून येताहेत,
बाईचा श्वास अडकलाय,
आणि दुकानभर एकच ओरडा: कान! कान!
तीन सीझन आम्हाला नीट भीती म्हणून वाटली नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातून त्याला आणलं.
दाढी मीच केली.
कानामागचा साबण पुसताना हात थांबला.
बघितलं.
मग उरलेली दाढी केली.

साडेनऊ. नऊ पस्तीस.
मागचं थोडं दाखवलं, मग पाट्या, मग दार.
बाईनं कडी काढली.
आत तिचा पोरगाच होता.
अकरा जण उठून नाचायला लागले,
तेवढ्यात पोरग्यानं मान वर केली,
आणि तो मुडदाही होता.

कॅमेरा त्याच्या तोंडाशी गेला, तिथून बाजूला.
कान पांढरे. पाळीला जरासा निळा रंग,
चहाच्या जुन्या कपाच्या काठाला असतो तसा.
कुणी ओरडलं नाही.
बाहेर कुणाचीतरी मोटरसायकल चालू राहिली होती,
ती त्यानं जाऊन बंद केली.
उंबऱ्यातल्या निखिलनं, चौथीतल्या,
टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघितलं.
"काका, बराबर केले ना यावेळी?"
"हो," म्हटलं.
पुढं जाहिरात लागली, कपडे धुवायच्या पावडरची,
तीही सगळ्यांनी शेवटपर्यंत बघितली.

नंतर पैजेवरून जुंपली.
पोरगा म्हणणारे जिंकले की मुडदा म्हणणारे?
साडेअकरापर्यंत निकाल लागेना.
मी वही काढली आणि ज्याचे दहा त्याला परत दिले,
एकेका नावावर काट मारत.
चौथ्या नावाशी पेन टेकवून ठेवला.
मग पाचवं घेतलं.

परवा कुरुडला कंपनीचा पहिला प्रयोग आहे.
पेटी आता दुधरामच्या पुतण्याकडे असते.
ते दहा रुपये त्याला द्यायचेत, म्हणून जातोय.
रात्री अकराला पडदा, तिसरा अंक पहाटे चारला.
तिकीट मी अगदी पुढचं काढलंय.